दगडाबाईचं शून्य

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी मी सणसरच्या एसटी थांब्यावर दोनदा ओकले. पोटात चहाशिवाय काही नव्हतं, म्हणजे ओकण्यासारखंही काही नव्हतं, पण भीतीला हे कोण समजावणार. शेजारी उभी असलेली एक बाई माझ्याकडं थोड्या काळजीनं आणि बऱ्याच संशयानं बघायला लागली.

"मावशी, परीक्षा आहे," मी म्हणाले.

"परीक्षेनं कुनाला उलट्या व्हत्यात?" असं म्हणून तिनं तोंड फिरवलं. मला तिचा इतका राग आला की घटकाभर भीती विसरले. मग लांबून एसटी दिसली आणि भीती परत आली.

मी बारामतीच्या एका कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय अर्थशास्त्र. निम्मे पेपर मराठीत असतात, निम्मे इंग्रजीत. मराठीतल्या पेपरात मी माणसात असते. मागणी, पुरवठा, महागाई, काहीही विचारा. इंग्रजीतल्या पेपरात मी पोपट असते. उत्तर आधी मराठीत समजून घ्यायचं, मग इंग्रजी उत्तर देवनागरीत लिहून काढायचं आणि एसटीत पिंपळी येईपर्यंत पाठ करायचं. तीन वर्षं हे असंच चाललंय आणि मला बरे मार्क पडतात. त्यामुळं सगळ्यांना वाटतं, श्रेयाला इंग्रजी येतं. मीही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. लाज वाटायची. आणि एकदा वर्गात हुशार म्हणून नाव झालं की ते सांभाळण्यात निम्मं आयुष्य जातं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या वर्षाला एक प्रोजेक्ट असतो. तो इंग्रजीतच लिहायचा आणि त्यावरची तोंडी परीक्षाही इंग्रजीतच द्यायची. माझा विषय होता शेतकरी कुटुंबातल्या स्त्रियांचे श्रम. चाळीस बायकांना भेटायचं, कॉलेजनं दिलेला फॉर्म भरायचा आणि त्यावरून निष्कर्ष काढायचा. मी चाळीस घरं फिरले. एकही घर चुकवलं नाही. दोन ठिकाणी कुत्री मागं लागली आणि एका ठिकाणी मला आशा सेविका समजून बाळाचं वजन करायला लावलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या संदेश सरांचा फोन आला. ते माझे मार्गदर्शक. चांगला माणूस, पण घाबरट. माझ्याहून घाबरट म्हणजे बघा.

"श्रेया, बाहेरच्या परीक्षक पुण्याहून आल्यात. त्यांनी तुझा प्रोजेक्ट चाळला. चौदाव्या प्रश्नाचं उत्तर चाळीसच्या चाळीस फॉर्मवर सारखं आहे. त्यांना वाटतंय तू घरी बसून फॉर्म भरलेस."

"सर, मी नाही हो भरले."

"मला सांगून काय उपयोग? उद्या त्यांना सांग. इंग्लिशमध्ये. नीट तयारी करून ये."

तयारी कसली करणार? खोटं बोलायचं असतं तर पाठ तरी केलं असतं.

मागच्या वर्षी सिद्धू नावाच्या एका मुलानं खरंच घरी बसून फॉर्म भरले होते, सगळ्या सह्या एकाच पेनानं. परीक्षकांनी त्याच्या प्रोजेक्टवर लाल पेनानं एकच इंग्रजी शब्द लिहिला, फॅब्रिकेटेड. म्हणजे बनावट. त्याचा निकाल राखून ठेवला तो अजून तसाच आहे. कॉलेजात त्याचं नाव निघालं की आधी तो शब्द निघतो. माझ्यावर तो शब्द पडला तर वर्ष जाणार होतंच, पण मला त्याहून मोठी भीती वेगळीच होती. मी चाळीस घरं फिरले हे खरं होतं, आणि ते खरं मला इंग्रजीत सांगता येत नव्हतं.

आता तो चौदावा प्रश्न सांगते. घरातल्या आणि शेतातल्या कामाचे रोजचे तास किती, असा तो प्रश्न. चाळीस बायका. उत्तर शून्य.

हे झालं कसं, तर मी सुरुवात दगडाबाई आज्जीपासून केली. आमच्या वस्तीवर तीच सगळ्यांत मोठी. लग्नपत्रिका असो नाहीतर हळदीकुंकवाचं बोलावणं, पहिल्यांदा तिच्या घरी जातं. तो मान आहे. मी फॉर्म घेऊन पहिल्यांदा दुसरीकडं गेले असते तर आईनंच मला धारेवर धरलं असतं. दगडाबाई आज्जी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिचा मुलगा मानसिंगकाका बाजेवर पडून मोबाईल बघत होता.

"आज्जी, दिवसाचं किती तास काम करतेस?"

"मी? मी कुठलं काम करतीया पोरी. वय झालं आता. काय न्हाय, शून्य लिही."

मी लिहिलं. मग पुढच्या घरी गेले, तर तिथली सून म्हणाली, "दगडाबाई आत्यांचं किती लिवलंस?"

"शून्य."

"मग माझं शून्यच लिही बाई. त्यांचं शून्य आन माझं धा लिवलं तर त्या काय म्हनतील? लई कामाची लागून गेली म्हनतील."

तिसऱ्या घरी तेच, चौथ्या घरी तेच. मी एक घर पुढं जायच्या आत बातमी दोन घरं पुढं गेलेली असायची. एका बाईनं तर डोक्यावर वैरणीचा भारा, काखेत पोर अशा अवस्थेत उभ्या उभ्या मला शून्य सांगितलं. मला दिसत होतं हे सगळं. मी काय आंधळी होते? पण लिहायचं कसं? दिसतं ते लिहावं, तर फॉर्मवर बाईची सही आणि उत्तर माझं, असं झालं असतं. सिद्धूनं तरी वेगळं काय केलं होतं? म्हणून त्या बोलल्या ते जसंच्या तसं लिहिलं. आणि रिपोर्टमध्ये ग्रंथालयातल्या एका जुन्या प्रोजेक्टमधलं वाक्य बसवून टाकलं, ज्याचा अर्थ साधारण असा होतो की अभ्यासक्षेत्रातल्या स्त्रियांचा श्रमात सहभाग आढळला नाही. वाक्य छापील होतं, व्याकरण शुद्ध होतं. मी ते पाठ केलं आणि झोपले. आता कळतंय किती निर्लज्ज वाक्य होतं ते.

बारामतीत उतरले तेव्हा तळहात इतके घामेजले होते की प्रोजेक्टच्या कव्हरवर बोटांचे ठसे उमटले होते. व्हरांड्यात सगळ्यांच्या ओठांची हालचाल चालू होती, देवळात जप चालावा तशी. माझं नाव पुकारलं. मी प्रोजेक्ट छातीशी धरून आत गेले.

खोलीत टेबलामागं मॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, केस कापलेले, चष्मा दोरीला. रागीट नव्हत्या. रागीट असत्या तर बरं झालं असतं, रागाशी माझी ओळख आहे. त्या शांत होत्या. बाजूला संदेश सर, स्वतःचीच परीक्षा असल्यासारखे ताठ.

"गुड मॉर्निंग मॅडम, द टायटल ऑफ माय प्रोजेक्ट इज..." मी सुरू केलं. पाठ केलेली पाच वाक्यं होती. मॅडमनी तिसऱ्या वाक्याला हात वर केला.

त्या इंग्रजीतच विचारत होत्या. मला समजत होतं, शब्द न् शब्द समजत होता.

"हे फॉर्म तू स्वतः भरून घेतलेस?"

"येस मॅडम."

"प्रत्येक घरी गेलीस?"

"येस मॅडम."

"तीस ते सत्तर वयाच्या चाळीस बायका, शेतीचं गाव, आणि कामाचे तास शून्य. सगळ्यांचे. हे कसं?"

डोक्यात पाठ केलेली इंग्रजी वाक्यं गर्दी करून आली. मागणीची लवचीकता, लोकसंख्येचं संक्रमण, सगळी आली. दगडाबाई आज्जीचा मान या विषयावरचं वाक्य काही त्यात नव्हतं. ते कुठल्या पुस्तकात असणार? मी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. संदेश सरांनी माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे बोल, बोल. मी त्यांच्याकडं बघून मान हलवली, म्हणजे येत नाही.

मॅडमनी पहिला फॉर्म काढला. त्यावर सगळ्यांत वर नाव होतं आणि खाली मोबाईल नंबर. "आपण विचारूनच बघू," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. स्पीकर चालू केला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. दगडाबाई आज्जी! ती सांगेल. ती मला जन्मापासून ओळखते.

पलीकडून मोठा घरघराट ऐकू आला आणि त्यातून आज्जीचा आवाज. "कोन हाय?"

मॅडम मराठीत म्हणाल्या, "दगडाबाई बोलताय का? मी कॉलेजमधून बोलतेय. तुमच्याकडं श्रेया नावाची मुलगी फॉर्म भरायला आली होती का?"

क्षणभर नुसता घरघराट.

"कोन श्रेया? मी न्हाय वळखत कुना श्रेयाला."

माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली.

"तुमच्याच गावची आहे. तुमची सही आहे फॉर्मवर."

"हितं कुनी आलं न्हाय. मी सही केली न्हाय. मी काय बी सांगितलं न्हाय."

"बरं. तुम्ही आत्ता काय करताय?"

"काय न्हाय. निवांत बसलीया. ठिवा फोन."

फोन बंद झाला.

चूक माझीच होती. पिंपळीतल्या एका बाईला खोट्या फोननं फसवलं होतं, तेव्हा मीच वस्तीवरच्या सगळ्या बायकांना बसवून शिकवलं होतं. अनोळखी फोन आला की काही कबूल करायचं नाही. माझं नाव सांगितलं तरी नाही. अगदी माझ्या आवाजात कुणी बोललं तरी नाही, हल्ली आवाजही काढता येतो. दगडाबाई आज्जीकडून मी हे तीनदा म्हणून घेतलं होतं. आणि ती बाई माझी सगळ्यांत गुणी विद्यार्थिनी निघाली.

मॅडमनी लाल पेन उघडलं. कव्हरवर पहिलं अक्षर लिहिलं, दुसरं लिहिलं. मी उलट्या बाजूनं उभी होते, तरी मला ते वाचता आलं. तो शब्द मी कुठूनही ओळखला असता. तिसरं अक्षर पडताना माझ्या डोळ्यांपुढं आई, वर्ग, निकालाचा कागद असं काही आलं नाही. आला तो घरघराट. तो आवाज मी ओळखत होते.

"मॅडम, ती खोटं बोलली!" मी मराठीत जवळजवळ ओरडलेच.

संदेश सर दचकले. "श्रेया, इंग्लिश."

"नाही येत सर." तीन वर्षांत पहिल्यांदा मी हे कुणाला तरी सांगितलं. आता थांबले असते तर संपलंच होतं. "मला इंग्रजी बोलता येत नाही. लिहिते ते पाठ करून लिहिते. पण मॅडम, तो आवाज कडबाकुट्टीचा होता. वैरण बारीक करायचं मशीन असतं, विजेवर चालतं. त्यात हातानं पेंढी सारावी लागते. ती मशीनपुढं उभी आहे आणि तुम्हाला म्हणाली निवांत बसलीया. मलाही हेच सांगितलं होतं तिनं. मी तेच लिहिलं. तिला परत फोन लावा, मॅडम. पाया पडते."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं नाही, पण चौथं अक्षरही लिहिलं नाही. मग नंबर लावून फोन माझ्यापुढं सरकवला. "तू बोल. पण उत्तर शिकवायचं नाही," त्या मराठीत म्हणाल्या.

"आज्जी, मी श्रेया."

"आगं बया! आता आवाज बी काढाय लागली का? लाज वाटत न्हाय का गं भवाने?"

"आज्जी, खरंच मीच आहे. काहीही विचार."

घरघराट थांबला. म्हणजे तिनं मशीन बंद केलं. माझा जीव कानात गोळा झाला होता. मग ती म्हणाली, "श्रेयाच्या पायाला टाकं पडल्यात. किती?"

"पाच. डाव्या पायाला. तुटून गेलेल्या उसाच्या खोडक्यावर पाय पडला होता."

"आन दवाखान्यात कोन घिऊन गेलं?"

"तू. पाठीवर घेऊन. रस्त्यापर्यंत पळत गेलीस आणि तुझं लुगडं सगळं रक्तानं भरलं होतं. मला म्हणालीस, रडू नगं, माझं जुनंच लुगडं हाय."

पलीकडचा राग उतरला. मग एकदम मऊ आवाज. "पोरी, तूच हायस व्हय. काय झालं गं? रडतीयास का?"

मी रडत होते हे मला तोवर माहीत नव्हतं.

"आज्जी, आत्ता काय करत होतीस?"

"काय न्हाय. बसलीया."

"मग मशीन कशाचं चालू होतं?"

"आगं, जनावरांस्नी वैरन कराय नगं का? पाच जनावरं हायती. मुकी बिचारी काय खात्याल?"

"आणि सकाळपासून काय काय केलंस?"

"काय केलं? काय बी न्हाय. धारा काढल्या, शेन काढलं, भाकरी थापल्या, दारं धरायला गेली, उसाला पानी सोडलं, आता आली. माझं कुठलं आलंय काम? वय झालं आता."

मॅडमनी हात पुढं करून फोन घेतला. "आज्जी, धन्यवाद," म्हणाल्या आणि बंद केला.

मग मी सगळं सांगितलं. मराठीत, भराभर, नाक पुसत. पहिलं घर, मान, मानाखाली दबलेली बाकीची एकोणचाळीस घरं. "मी चुकीच्या घरापासून सुरुवात केली, मॅडम. दुसऱ्या गावात जाऊन विचारलं असतं किंवा एकेकीला बाजूला घेऊन विचारलं असतं, तर असं झालं नसतं."

"हे रिपोर्टमध्ये का नाही लिहिलंस? अख्ख्या प्रोजेक्टमध्ये लिहिण्यासारखं एवढंच होतं."

"इंग्रजीत कसं लिहायचं ते कळलं नाही."

मॅडमनी चष्मा काढला. डोळे चोळले. मला वाटलं आता रागावणार. पण त्यांनी कव्हरवरची तीन लाल अक्षरं एकेक करून खोडली. "फॉर्म खरे आहेत. निष्कर्ष खोटा आहे. असा प्रोजेक्ट मी पास करू शकत नाही." मग म्हणाल्या, "दहा दिवस देते. एकच बाई घे. ही आज्जीच घे. एक दिवस तिच्याबरोबर राहा. विचारायचं नाही, बघायचं आणि लिहायचं. मराठीत लिही. मग सरांच्या शेजारी बसून इंग्रजी कर. पाठ करून नाही, समजून. ते आलं तर पास. नाही आलं तर मी हा शब्द पूर्ण लिहीन."

बाहेर आले. सुटले म्हणावं तर सुटले नव्हते. सगळं एका दगडाबाईवर येऊन ठेपलं होतं.

संध्याकाळी सरळ तिच्याकडं गेले. ती खुशीत होती. "आज एक खोटा फोन आल्ता, पयल्यांदा मी कसा घालवला बघितलंस का? एक अक्षर सांगितलं न्हाय." मी तिच्या पाया पडले. हसू की रडू हे मला ठरवता येईना. मग मी तिला मॅडमनी काय सांगितलं ते सांगितलं.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं.

"न्हाय. नगं. शून्यच राहू दे."

"आज्जी, मी नापास होईन."

"दुसऱ्या कुनाचं तरी लिही. माझं नगं." तिनं ओट्याकडं बघितलं. मानसिंगकाका बाजेवर नव्हता, पण ती बाजेकडंच बघत होती. आवाज एकदम खाली आला. "त्या दिवशी तो हितं पडला हुता. त्याच्या देखत मी काय आकडा सांगू? आई गाऱ्हानं करतीया म्हनंल. कागदावर लिवून देती म्हनंल. मला त्याच्याच दारात राहायचं हाय पोरी."

मला वाटत होतं, त्या शून्याची कारणं मला कळलीत. मान, वय, लाज. आणि कारण माझ्या समोर चार हातांवर बाजेवर पडून मोबाईल बघत होतं. ते मला दिसलं नव्हतं. सकाळी एसटीच्या थांब्यावर मला जे होत होतं ते या बाईला रोज होतं, तेही उलटी न करता, एवढं मला त्या क्षणी समजलं. मी तिला आग्रह केला नाही. घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना मानसिंगकाकाची लेक छकुली आमच्या दारात आली आणि म्हणाली, "आज्जीनं सांगितलंय, रविवारी ये. आमचं आप्पा निमगाव केतकीला जानार हायत, दिवसभर."

रविवारी पहाटे पाचला मी वही घेऊन गेले. तिनं बोलायचं नाही, मी विचारायचं नाही, असं ठरलं. ती कामाला लागली, मी मागं मागं फिरत घड्याळ बघून लिहीत गेले. फटफटीचा आवाज आला की तिचा हात थांबायचा, ती रस्त्याकडं बघायची. दुसऱ्याच कुणाची असली की हात पुन्हा चालू. तिच्याबरोबर माझाही श्वास थांबायचा. दुपारी तिनं भाकरी खाल्ली, ती उभ्यानंच. मी तेही लिहिलं.

दिवेलागणीला मी वही मांडीवर घेऊन बेरीज केली. तिच्या नावाच्या जागी काहीच लिहिलं नव्हतं, फक्त बाई क्रमांक एक.

"नाव कुठं टाकलंस?" तिनं विचारलं. तिला सहीपुरतंच येतं, वाचता येत नाही, पण कागदाकडं बारीक बघत होती.

"टाकलं नाही, आज्जी. नंबर टाकलाय. कुणाला कळणार नाही."

"बरं केलंस." ती चुलीपुढं बसली. पिठात पाणी घातलं. परातीत हात फिरायला लागला. "मग किती भरलं?"

"तेरा तास."

हात थांबला. मला वाटलं, घाबरली. आता म्हणेल खोड. तिनं आधी रस्त्याकडं कान देऊन ऐकलं. रस्ता शांत होता. मग माझ्याकडं न बघता, पिठाकडं बघत, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"आन ह्या भाकरी? भांडी? तू घरी गेल्यावर मी काय लगीच झोपती व्हय?"

मी पेन उघडलं.

"पंधरा लिही," दगडाबाई म्हणाली.